बंद घरातला रक्तदाब : एका सर्वेक्षणाचं प्रकरण

भांडुप पश्चिमेला डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या चाळींची एक वस्ती. तिथे बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींचं कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे वस्तीत जाऊन करायचं प्रात्यक्षिक, चालू होतं. जोडीने फिरायचं, प्रत्येकीने बारा कुटुंबं घ्यायची, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा, फॅमिली फोल्डर (त्या कुटुंबाच्या आरोग्याच्या नोंदींचे फॉर्म) भरायचा आणि शेवटी सगळ्या गटाची मिळून एक यादी महापालिकेच्या हेल्थ पोस्टला, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य केंद्राला द्यायची, असं काम होतं. एका विद्यार्थिनीने बारापैकी पाच घरांचे फॉर्म त्या घरांत पाऊल न ठेवता भरले. रक्तदाबाचे आकडे मनाने लिहिले. संमतीच्या ओळीखाली त्या घरांतल्या बायकांच्या सह्याही तिनेच केल्या.

यात पेपर फुटला नाही, परीक्षेला डमी बसला नाही, कुणी कुणाला पैसे चारले नाहीत. म्हणूनच हे प्रकरण चर्चेला घेण्यासारखं आहे. मोठ्या गैरप्रकाराबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. इथे वर्गाचे सरळ दोन तट पडतात, आणि शिक्षकांच्या खोलीतही पडतात. यातलं कॉलेज किंवा माणसं कुणी एक नाहीत. शिकवताना आणि परीक्षक म्हणून ठिकठिकाणी जाताना जे समोर आलं, ते एका प्रसंगात बसवून मी हे लिहिलं आहे. नियम, मोजमापाच्या पद्धती आणि अभ्यासांचे निष्कर्ष मात्र खरे आहेत.

तो आठवडा

पोस्टिंगचा दुसरा आठवडा नेमका गौरी-गणपतीत आला. भांडुप ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. कोकणातली कुटुंबं चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधीच गाडी पकडतात आणि ओळीच्या ओळी कुलूपबंद होतात. मागे राहिलेल्या घरांत तरी सकाळी दहा ते एक या वेळात सापडतं कोण? म्हातारी माणसं, लहान मुलं आणि रात्रपाळी करून झोपलेला एखादा. पुरुष कामावर, बायका मुलुंड-पवईला घरकामाला. त्यात पाणी आलं की दारात उभ्या असलेल्या मुलीशी बोलायला कुणाला सवड नसते.

रक्तदाब नीट मोजायचा म्हटलं तर त्याला वेळ लागतो. माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. दंड हृदयाच्या पातळीला हवा, पट्टा कपड्यावरून बांधायचा नाही. अर्ध्या तासात चहा, तंबाखू झालेली नको. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि मोजताना गप्पा मारायच्या नाहीत. नुकताच पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्या चढून आलेल्या बाईचा दाब तसाच घेतला तर तो तिचा नेहमीचा दाब नसतोच. म्हणजे एका माणसामागे दहा मिनिटं धरा. दोन मोठी माणसं असलेली बारा घरं म्हणजे नुसत्या मोजमापाचेच चार तास, आणि तेही सगळी दारं उघडी असतील तर.

ट्यूटर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बारा म्हणजे बारा. आणि एकही रकाना रिकामा नको.” गुणपत्रकातही फॉर्म पूर्ण भरलेला असण्याला गुण होते. किती वेळा त्या दारापर्यंत गेलात, कोणत्या वेळी गेलात, याला नव्हते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलच्या प्रत्येक विभागात १०० टक्के भरावी लागते. नियम योग्यच आहे. पण होस्टेलवर त्याचं रूपांतर एका भीतीत होतं: पोस्टिंग रिपीट होईल. मग सुट्टी जाते, गावचं तिकीट रद्द होतं, घरी कारण सांगावं लागतं. ही भीती खोटी नाही, आणि प्रकरण समजून घ्यायचं तर ती बाजूला सारून चालणार नाही.

कागद

ट्यूटर मॅडम सगळ्या गटाची यादी करायला बसल्या तेव्हा या मुलीचे बारा फॉर्म त्यांनी शेजारीशेजारी मांडले.

सात फॉर्म कुणाच्याही असतात तसे. कुठे १३८/८६, कुठे १४२/९४, कुठे ११६/७२. एका ठिकाणी वय आधी ५२ लिहून मग खोडून ५८ केलेलं. एका फॉर्मवर चहाचा डाग. एकात समासात लिहिलं होतं, “काकांनी हात दिला नाही, उद्या या म्हणाले.” दुसऱ्या दिवशीची तारीख टाकून खाली वेगळ्या पेनाने त्यांचा दाब.

उरलेले पाच फॉर्म देखणे. एकही खाडाखोड नाही. नऊ माणसं आणि नऊही जणांचा खालचा आकडा ८०. वरचा १२०, १३०, १२४, पुन्हा १२०. उंची-वजन गोळाबेरीज. “पूर्वीचा आजार” या रकान्यात पाचही घरांत “नाही”. सह्या पाच वेगवेगळ्या बायकांच्या, पण सगळ्या एकाच निळ्या बॉलपेनाने केलेल्या, आणि पाचांपैकी तिघींच्या नावातल्या ‘श’ला सारखीच गाठ.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण वर्गात मुलं इथेच घाई करतात. सारखे गोल आकडे म्हणजे खोटेपणाचा पुरावा नव्हे. हाताने मोजायच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी एक यायचा, आणि शून्य साधारण पाचांत एकदा. प्रत्यक्षात प्रामाणिकपणे मोजणारे लोकही शून्याकडे झुकतात. ही सवय अनुभवी डॉक्टरांच्या नोंदींतही दिसते. ती चूक आहे, पण बनवाबनवी नाही. ट्यूटर मॅडमनी हे ओळखलं आणि संशयावर थांबल्या. नुसत्या आकड्यांवरून मुलीला बोलावून झापलं असतं तर तो अन्याय झाला असता.

पुरावा दुसरीकडून आला. यादी हेल्थ पोस्टवर पोचल्यावर तिथल्या आरोग्य सेविका ताईंनी सात नंबरच्या घरावर बोट ठेवलं. त्या घराच्या फॉर्मवर गौरीपूजनाच्या दिवसाची तारीख होती.

“मॅडम, हे घर तर चतुर्थीच्या आधीपासून बंद आहे. मावशी कणकवलीला गेल्यात. चावी शेजारणीकडे आहे, ती तुळशीला पाणी घालते. या दिवशी प्रेशर कुणाचं घेतलं?”

ताईंना कुठलं तंत्र लागलं नाही. त्यांना ती गल्ली माहीत होती.

ती काय म्हणाली

पहिल्या दिवशी तिने सरळ सांगितलं, “गेले होते मॅडम. मावशी होत्या घरी.” जोडीदार मुलगी शेजारी उभी होती, तिने मान हलवली. सोबत असलेल्या विद्यार्थिनीच्या रकान्यात तिचीही सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी आली. बोलावलं नव्हतं. म्हणाली की पाचही दारांवर ती दोनदा गेली होती. शेवटच्या दिवशी फॉर्म द्यायचे होते. सीनियर ताईंनी ग्रुपवर मागच्या वर्षाचे भरलेले फोल्डर टाकले होते. ते उघडून बघितले तर जवळजवळ सगळ्यांचे आकडे तसेच होते. आणि मग एक वाक्य, जे या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: “मी मुद्दाम नॉर्मल लिहिलं, मॅडम. म्हणजे कुणाला काही त्रास व्हायला नको.”

तिने हे सफाई म्हणून सांगितलं नव्हतं. तिचा तसा खरोखरच समज होता. जास्त लिहिलं असतं तर एखाद्या बाईला उगाच दवाखान्यात धावाधाव करावी लागली असती. नॉर्मल लिहिलं म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही. चौथ्या सत्रात व्यावसायिक मूल्यं आणि नीतिशास्त्र हा विषय तिने अभ्यासला होता, त्यात ती पासही झाली होती. सचोटीवर पाच गुणांची टीप विचारली असती तर तिने उत्तम लिहिली असती. पण खोटा ‘नॉर्मल’ काय करतो, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

खोटा ‘नॉर्मल’ काय करतो

वाढलेला रक्तदाब दुखत नाही. म्हणून तर दारोदार जाऊन मोजावा लागतो. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये केलेल्या स्टेप्स या आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ६९ वयाच्या सुमारे ३४ टक्के मुंबईकरांमध्ये रक्तदाब वाढलेला आढळला होता. म्हणजे मोठ्या माणसांत तिघांमागे एक. त्या पाच घरांतल्या नऊ जणांमध्ये एकालाही त्रास नसावा हे अशक्य नाही, पण त्यावर कुणी पैज लावू नये.

हेल्थ पोस्टची यादी अशी वापरतात: १४०/९० च्या वर असलेल्यांकडे पुन्हा जायचं, वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या घरात गेलेल्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. ज्यांची नोंदच नाही, ती घरं सेविकांच्या वहीत “परत भेट” म्हणून राहतात. आणि जे नॉर्मल, ते यादीतून सुटतात. इतकी घरं आणि मोजक्या सेविका असताना दुसरं काही करताही येत नाही. म्हणजे रिकामा रकाना माणसाला यादीत ठेवतो आणि खोटा ‘नॉर्मल’ त्याला यादीतून काढून टाकतो. विद्यार्थिनीने ज्याला सर्वांत निरुपद्रवी समजलं, तोच आकडा सर्वांत घातक होता. तिने १६०/१०० असं खोटं लिहिलं असतं तर तेही अयोग्यच होतं, पण निदान कुणीतरी त्या दारावर पुन्हा गेलं असतं.

सात नंबरच्या मावशी गावाहून परतल्यावर ताईंनी त्यांचा दाब घेतला. १८६/११२. मावशींना आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू होती, अ‍ॅम्लोडिपिन. गावाला जाताना पाकीट संपलं, तिथे बरं वाटत होतं म्हणून आणली नाही. “पूर्वीचा आजार: नाही” असं ज्या फॉर्मवर लिहिलं होतं, त्या फॉर्मने ही सगळी हकीकत झाकली होती. ताईंनी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, गोळी पुन्हा सुरू झाली. त्यांना काही झालं नाही.

आणि हे “काही झालं नाही” कॉलेजातल्या चर्चेत मध्यभागी येऊन बसतं. नुकसान झालं नाही, मग शिक्षा कशाची? मला हा युक्तिवाद मुळात मान्य नाही. नुकसान टळलं ते ताईंची गल्लीशी ओळख होती म्हणून. तेच घर एखाद्या नव्या सेविकेच्या वाट्याला आलं असतं तर फॉर्म जसाच्या तसा पुढे गेला असता. विद्यार्थिनीचं वागणं दोन्ही वेळा तेच राहिलं असतं. वागणुकीचा निवाडा करायचा तर तो वागणुकीवर व्हावा, दुसऱ्या कुणाच्या दक्षतेने जे वाचलं त्यावर नव्हे.

नियमांच्या पुस्तकात शोधलं तर

प्राचार्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रास्त होता: हे कोणत्या कलमात बसतं?

आपल्याकडे शैक्षणिक प्रामाणिकपणा म्हटलं की लोक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांकडे वळतात. त्यात प्रबंधातल्या साम्याच्या पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे सगळं दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दाखवण्याबद्दल आहे. इथे मुलीने कुणाचं काही उचललं नव्हतं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर या पाच फॉर्मवर चालवलं असतं तर ते स्वच्छ म्हणून सुटले असते. मनाने बनवलेला आकडा चोरीचा नसतो, त्यामुळे चोर शोधणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. आता तर केस स्टडी, केअर प्लॅन, हेल्थ टॉक सगळं चॅटजीपीटीकडून लिहून घेता येतं, भाषा दरवेळी नवी. टक्केवारीच्या भरवशावर राहिलेल्या कॉलेजांना याचा विचार करावाच लागणार आहे.

परीक्षेतले गैरप्रकार रोखायला महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे, पण वस्तीतलं सर्वेक्षण म्हणजे परीक्षा नव्हे. संशोधनातल्या गैरवर्तनाची जगभर वापरली जाणारी व्याख्या मात्र इथे लागू पडते. तिच्यात तीन गोष्टी येतात: माहिती बनवणं, माहितीत फेरफार करणं आणि वाङ्मयचौर्य. पहिलं नाव बनवण्याचं आहे. आपल्याकडे मुलांना तिसऱ्याबद्दलच सगळ्यात जास्त सांगितलं जातं.

आणि सह्या. माझ्या मते आकड्यांपेक्षाही हे जड आहे. फॉर्मवर छापलेलं होतं, “माहिती देण्यास व तपासणीस माझी संमती आहे.” आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा पाया माणसाने स्वतः, समजून दिलेल्या होकारावर आहे. हे सर्वेक्षण संशोधन होतं की सेवा, यावर वाद घालता येईल. होकार मात्र दोन्हीकडे लागतो. त्या पाच बायका नाही म्हणू शकल्या असत्या. त्यांच्या वतीने होय लिहून टाकलं गेलं. उद्या हीच मुलगी ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे. वर्गात मी हा मुद्दा मांडते तेव्हा पहिल्यांदा शांतता होते. त्याआधीपर्यंत “फॉर्मच तर होता” असं चाललेलं असतं.

बैठकीतलं मतभेदाचं गणित

एका शिक्षिकेचं मत होतं, पूर्ण सत्र रद्द करा. नाहीतर पुढच्या तुकडीला कळेल की चालतं. दुसरीचं मत, पहिलीच वेळ आहे, मुलगी रत्नागिरीकडच्या शेतकऱ्याघरची, फी कर्ज काढून भरलेली, समज देऊन सोडा. प्राचार्यांना दोन्ही पटत होतं, म्हणून काहीच पटत नव्हतं.

अशा वेळी मी एका अभ्यासाचा आधार घेते. मॅक्सीन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांबद्दल तो प्रसिद्ध केला. पुढे डॉक्टर म्हणून ज्यांच्यावर राज्याच्या वैद्यकीय मंडळाने कारवाई केली अशा २३५ जणांच्या विद्यार्थिदशेतल्या फायली त्यांनी काढल्या आणि कारवाई न झालेल्या ४६९ जणांच्या फायलींशी ताडून बघितल्या. शिकत असताना अव्यावसायिक वर्तनाची नोंद असण्याचा आणि पुढच्या कारवाईचा संबंध ठळक निघाला, सुमारे तिप्पट. याहून कामाची गोष्ट अशी की सर्वांत घट्ट संबंध दोन प्रकारच्या नोंदींशी होता: कमालीचा बेजबाबदारपणा, आणि चूक दाखवल्यावर स्वतःत बदल करण्याची तयारी नसणं.

याचा अर्थ एकदा चुकलेली मुलगी पुढेही चुकणारच, असा लावू नये. ज्यांच्यावर कधी कारवाई झाली नाही अशांच्या फायलींतही तशा नोंदी होत्या. शिवाय तो अभ्यास डॉक्टरांचा, दुसऱ्या देशातला. पण कुठे बघायचं हे त्यातून कळतं: चूक झाली की नाही यापेक्षा, ती समोर ठेवल्यावर मुलगी काय करते. ही मुलगी पहिल्या दिवशी खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता आली आणि फक्त सात नंबर पकडला गेला असताना पाचही घरं स्वतः सांगितली. दोन्ही गोष्टी फायलीत लिहिल्या पाहिजेत, पहिलीही आणि दुसरीही.

शेवटी ठरलं ते असं. पाच फॉर्म रद्द, त्या भागाचे गुण शून्य. त्या आठवड्याचं पोस्टिंग दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा, ट्यूटरच्या देखरेखीखाली. खोट्या सह्यांबद्दल शिस्तपालन समितीकडे लेखी नोंद आणि पालकांना पत्र. सत्र वाया जाणार नाही. हेल्थ पोस्टला कॉलेजच्या लेटरहेडवर कळवायचं की या पाच नोंदी खऱ्या नाहीत, त्या यादीतून काढा. हे पत्र प्राचार्यांनी त्याच दिवशी पाठवलं. बाकीच्या शिक्षेला महिनाभर लागला असता तरी चाललं असतं, हे पत्र थांबू शकत नव्हतं.

जोडीदार मुलीचं प्रकरण थोडक्यात निपटलं, आणि माझ्या मते जरा जास्तच थोडक्यात. तिने खोटं लिहिलं नव्हतं, पण आपण सोबत होतो अशी सही केली होती आणि विचारल्यावर मान हलवली होती. “मैत्रिणीचं नाव कसं सांगणार?” हा तिचा प्रश्न मला समजतो. होस्टेलच्या एका खोलीत चार मुली राहतात, तीन वर्षं एकमेकींचं ताट वाढतात, तापात उशाशी बसतात. तिथे नाव घेणं सोपं नसतं. पण तिने मैत्रिणीविरुद्ध तक्रार करावी अशी अपेक्षा कुणाची नव्हती. अपेक्षा एवढीच होती की जिथे आपण नव्हतो तिथे सही करू नये. वॉर्डात दोन सिस्टर मिळून औषध तपासतात आणि दोघी सही करतात, तेव्हा दुसरी सही पहिलीला आधार देण्यासाठी नसते, ती पहिलीची चूक पकडण्यासाठी असते. तिला फक्त समज दिली गेली. निदान तिच्याकडून हे लिहून तरी घ्यायला हवं होतं.

ट्यूटर मॅडमवर कारवाई झाली नाही, व्हायचं कारणही नव्हतं. पण फॉर्म बदलला. आता त्यात प्रत्येक भेटीची तारीख-वेळ आहे आणि पुढे तीन पर्याय: घर बंद, नकार, नंतर या. तीन वेगवेगळ्या वेळी जाऊनही घर बंद मिळालं तर पूर्ण गुण. एक भेट संध्याकाळी सहानंतरची असायलाच हवी. हा बदल किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखा देशभरचा प्रकल्पसुद्धा किती जणांची मुलाखत झाली नाही ते अहवालात छापतो. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत कुटुंबांचा प्रतिसाद ९८ टक्के होता, स्त्रियांचा ९७ आणि पुरुषांचा ९२. न सापडलेली माणसं तिथे लपवत नाहीत, मोजतात. सकाळी अकराला निम्मी गल्ली बंद असते, ही त्या वस्तीच्या आरोग्याबद्दलची पक्की माहिती आहे. तिच्यावरून दवाखान्याची वेळ ठरवता येते. विसाव्या वर्षाच्या मुलीला “बारा म्हणजे बारा” असं सांगितलं की ही माहिती कायमची पुसली जाते. जबाबदारी तिची होती, हे खरंच. पण कोऱ्या रकान्याला शून्य गुण देणाऱ्या शिक्षणाने तिच्यापुढे हा रस्ता मोकळा करून ठेवला होता, हेही तितकंच खरं आहे.

पाच दारं

सर्वांत जास्त वाद झाला तो यावर: त्या पाच घरांना सांगायचं का?

बैठकीत बहुतेकांना वाटत होतं, नको. कॉलेजचं नाव खराब होईल, पुढच्या वर्षी मुलींना कुणी दारात उभं करणार नाही, आणि बायकांना काय कळणार त्यातलं. शेवटचं वाक्य ऐकून आरोग्य सेविका ताई उठल्याच. म्हणाल्या, “मॅडम, त्यांच्या नावाने सही झालीय. त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार?” ताई बोलल्या नसत्या तर ठराव उलटा झाला असता. सांगायचं ठरलं. माझं मतही तेच आहे, आणि ते भिडेपोटी नाही. पेशंटच्या बाबतीत चूक झाली तर ती पेशंटला सांगायची, हा रुग्णालयातला नियम असावा असं आपण म्हणतो. तो नियम शिकण्याची जागा इथेच आहे, जेव्हा चूक लहान आहे आणि समोरचं माणूस सुखरूप आहे.

दसऱ्यानंतर, संध्याकाळी, विद्यार्थिनी ताईंबरोबर गेली. सोबत कम्युनिटी बॅग आणि नवे फॉर्म. दोन घरांत कुणी फारसं मनावर घेतलं नाही, “बरं बरं, आता घे प्रेशर” म्हणाले. एका घरात नवऱ्याने सही कुणी केली म्हणून आवाज चढवला आणि तपासणीला ठाम नकार दिला. तिने फॉर्मवर “नकार” लिहिलं, वेळ टाकली आणि नमस्कार करून बाहेर पडली. चौथं घर तेव्हाही बंदच होतं.

सात नंबरच्या मावशींनी तिला आत बसवलं. तिने सांगितलं, तुमच्या नावावर मी खोटा आकडा लिहिला होता, सहीपण मीच केली. मावशींनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “माझ्या गोळीचं कुणाला कळलंच नसतं काय गं मग?” ती “नाही” म्हणाली. मावशी म्हणाल्या, “माझी आई अशीच गेली, प्रेशरनं. गावाला कोण मोजायला होतं तेव्हा?” मग त्यांनी हात पुढे केला. तिने त्यांना पाच मिनिटं बसवलं, दोनदा मोजलं. १४८/९२ आणि १४४/९०. दोन्ही आकडे लिहिले, गोळीचं नाव, किती दिवसांचं पाकीट शिल्लक आहे तेही लिहिलं. सहीच्या ओळीवर मावशींनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत आपलं नाव लिहिलं.

दाखला

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो वर्गासाठी मुद्दाम तसाच ठेवते. कोर्स संपल्यावर प्राचार्यांना तिला वर्तणुकीचा दाखला द्यावा लागेल. त्यावर नेहमीचं छापील वाक्य असतं, वर्तणूक चांगली होती म्हणून. नोकरीला ते लागतं. हे प्रकरण त्यात यावं का?

काही मुलं म्हणतात, शिक्षा भोगून झाली, आता पाटी कोरी. काही म्हणतात, ज्या हॉस्पिटलात ती जाणार त्यांना हे कळण्याचा हक्क आहे. मला वाटतं दाखला साऱ्या वर्षांच्या वागणुकीचा असतो, एका आठवड्याचा नव्हे. उरलेलं दीड वर्ष तिने नीट काढलं तर प्राचार्यांनी तो द्यावा आणि त्यात खाली बारीक अक्षरात काही जोडू नये. पण फाईल फाडू नये. आणि शेवटच्या सत्रात इंटर्नशिपला ती ज्या वॉर्डात जाईल तिथल्या सिस्टर इन्चार्जना हे माहीत असावं, पहिले काही आठवडे तिने लिहिलेला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास) आणि इनटेक-आउटपुट (पोटात गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी) त्यांनी पेशंटच्या खाटेशी उभं राहून पडताळावं, आणि हे असं होणार आहे हे मुलीला आधीच सांगितलेलं असावं. गोपनीयतेचा मुद्दा काढून एक सहकारी शिक्षिका याला कडाडून विरोध करतात. त्यांचं म्हणणं, सावली घेऊन वॉर्डात गेलेली मुलगी शिकत नाही, घाबरते. त्यात तथ्य आहे. तरीही खाटेवरच्या माणसाचा विचार केला की मी माझ्या मतावर राहते.